मठाचा दरवाजा आणि जातें

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडील नॉर्फक परगण्यांत ब्युअर नांवाची एक संथ नदी आहे. तिच्या कांठच्या दलदलींत सेंट बेनेट या ख्रिस्ती मठाचे अवशेष उभे आहेत. उभे आहेत असें म्हणणें थोडें उदारपणाचें होईल. कारण नांव घेण्यासारखा उभा असा एक दरवाजाच काय तो उरला आहे, आणि त्या दरवाज्याच्या पोटांतून एक विटांची, गोल, वर निमुळती होत गेलेली पवनचक्की बाहेर निघालेली आहे. या वास्तूचें चित्र मीं प्रथम पाहिलें तें कॉलेजांत शिकत असतां, एका जुन्या इंग्रजी चित्रसंग्रहांत. आणि खरें सांगावयाचें तर मला हसूं आलें. एखाद्या वृद्ध संन्याशाच्या खांद्यावर खोडकर पोरानें चढून बसावें, तसा तो प्रकार दिसला. आज तीस-पस्तीस वर्षांनंतर तेंच चित्र पुन्हां समोर आलें असतां हसूं येत नाहीं. मध्यंतरीं एक दुसरी वास्तु पाहण्यांत आली, आणि तिच्यामुळें या पहिलीकडे पाहण्याची दृष्टि पालटली. त्या दुसरीविषयीं लिहावें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. परंतु पहिलीची ओळख करून दिल्यावांचून तें नीट लिहितां यावयाचें नाहीं.

मठाची स्थापना अकराव्या शतकाच्या आरंभीं झाली व कनूट राजाचा त्यास आश्रय होता. दरवाजा मात्र पुढचा, चौदाव्या शतकांतला. चकमकीच्या दगडाचे काळसर तुकडे आणि फिकट घडीव दगड यांची त्यांत मोठी देखणी जुळणी केलेली आहे. कमानीच्या एका खांद्यावर शस्त्र उगारलेला मनुष्य व दुसऱ्यावर सिंह कोरलेला आहे. सोळाव्या शतकांत आठव्या हेन्री राजानें देशांतले मठ मोडावयास काढले. या मठाची गोष्ट जराशी निराळी झाली. तो इतरांसारखा रीतसर मोडला गेला नाहीं. त्याचें अधिपतिपद नॉरिचच्या बिशपाकडे जोडलें गेलें, आणि तें आजहि त्याच गादीकडे आहे. परंतु गादी राहिली तरी साधु राहिले नाहींत, आणि साधु गेल्यावर ओसाड इमारतींचे दगड लोकांनीं वाहून नेले. अठराव्या शतकांत दरवाज्याचा वरचा भाग उतरवून त्याच्या आंत पवनचक्की बांधण्यांत आली. आरंभीं ती तेलबिया चिरडण्याच्या कामीं येई, म्हणजे आपल्याकडच्या भाषेंत तो वाऱ्यावर चालणारा घाणाच. पुढें दलदलीचें पाणी उपसण्याकडे तिचा उपयोग झाला. एकोणिसाव्या शतकांत वादळानें तिचीं पातीं उडवून नेलीं. तेव्हांपासून मठहि मुका आणि चक्कीहि मुकी.

आतां टीकाकारापुढें प्रश्न येतो तो असा, कीं ही वास्तु एक आहे कीं दोन? पुराणवस्तूंचा अभिमानी म्हणेल, दोन. आणि त्यांतली दुसरी ही पहिलीवर झालेला अत्याचार होय. चित्रकार म्हणेल, एक. आणि जॉन सेल कॉटमनसारख्या चित्रकारानें ती एकच वस्तु म्हणून रंगविलीहि आहे. सपाट माळ, वर अफाट आभाळ आणि मध्यें ही विचित्र आकृति, एवढ्यावर चित्रकाराचें काम भागतें. मला दोघांचेंहि म्हणणें अपुरें वाटतें. अभिमानी गृहस्थ एक गोष्ट विसरतो. ज्या मठाचे दगड वाहून नेण्यास कोणी आडकाठी केली नाहीं, त्याचा हा एवढाच तुकडा टिकला, त्याचें कारण त्या तुकड्याला धनी होता आणि धन्याचें त्यावर पोट होतें. जिनें दरवाज्याचें डोकें उडविलें, तिनेंच त्याचे पाय राखले, असें मला वाटतें. उलट चित्रकाराची एकता ही दुरून पाहणाऱ्याची एकता आहे. जवळ जाऊन पाहावें तर या दोन बांधकामांचें परस्परांशीं बोलणें नाहीं. दरवाजा कशासाठीं असतो? त्यांतून पलीकडे जावें यासाठीं. येथें कमानींतून आंत शिरावें तों आपण गिरणीच्या विटांच्या वर्तुळांत येतों. पलीकडे कांहीं नाहीं. कमान चक्कीला आडोसा देते, चक्की कमानीला आयुष्य देते. पण कमानीचा अर्थ चक्कीला नको आणि चक्कीचा अर्थ कमानीला ठाऊक नाहीं. ही शेजाऱ्यांची सोय झाली, संसार झाला नाहीं.

१८७७ सालीं विल्यम मॉरिस आणि त्याचे स्नेही यांनीं लंडनमध्यें प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. जुन्या देवळांना त्यांचें 'मूळ रूप' परत देण्याच्या नांवाखालीं मधल्या शतकांचें सारें काम खरवडून काढण्याची त्या काळीं तेथें लाट आली होती, आणि तिला या मंडळींचा कडवा विरोध होता. इमारतीवर जें जें कालाचें लेणें चढलें तें तें तिचेंच होय, असा त्यांचा सिद्धान्त. त्या न्यायानें सेंट बेनेटची चक्की वाचते. योगायोग असा, कीं त्याच १८७७ सालीं आमच्या सोलापुरांत पहिली कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढें 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली आणि आज ती बंद पडूनहि कित्येक वर्षें लोटलीं. गिरण्यांच्या धुराचा मॉरिसला मनापासून तिटकारा होता. त्याच्याच सिद्धान्तानें आमच्या गिरण्यांचीं धुराडीं जपावीं असें कोणीं त्याला सुचविलें असतें, तर त्याची काय मुद्रा झाली असती, हा विचार मनांत येऊन मला पुष्कळदां गंमत वाटते.

सोलापूरकराच्या कानाला 'गिरणी' या शब्दाचा अर्थ भोंगा, पाळी आणि चादर असाच लागतो. पीठ करून देणारी ती 'पिठाची गिरणी', तिला विशेषण लावावें लागतें. परंतु देवाचें काम आणि पोटाचें काम एका जागीं नांदूं शकतात, हें इतर कोणाहून सोलापूरकरास अधिक ठाऊक असावयास हवें. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नांवानें हें शहर ओळखलें जातें, त्या बाराव्या शतकांतल्या शिवयोग्यानें येथें लिंगें स्थापिलीं आणि तळेंहि खोदविलें. तळें खोदणें हीच त्याची पूजा होती. कानडींतील 'शून्यसंपादने' या ग्रंथांत अल्लमप्रभु या तळ्याच्या कामावर येतो आणि दगडमाती उपसणारा वड्डर म्हणून सिद्धरामाची हेटाळणी करतो, असा प्रसंग आहे. अल्लमाचा आक्षेप खोल आहे: बाहेर पाणी लागलें, पण आंतलें काय? सिद्धरामानें तो आक्षेप मानला, आणि तो कल्याणच्या शरणांना जाऊन मिळाला. तळें मात्र राहिलें. पुढें भुईकोट किल्ला उठला, तेव्हां त्याच तळ्यानें त्याच्या एका अंगाचें रक्षण केलें; आणि किल्ल्याच्या आंत जुन्या देवळाचे अवशेष आजहि दिसतात. वाद अल्लमानें जिंकला असेल; परंतु गांव तळ्याभोंवतीं वसलें. तरीहि हें सारें शहराच्या पसाऱ्यांत विखुरलेलें आहे. उपासना आणि उपयोग यांची गांठ एकाच वास्तूंत, एकाच कारागिराच्या मनांतून पडलेली पाहावयाची असेल, तर तुळजापूर, धाराशिव, बीड ही वाट धरून छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, पाणचक्कीवर जावें लागेल. तीच ती आरंभीं सांगितलेली दुसरी वास्तु.

पाणचक्कीचें नांव न ऐकलेला मराठी वाचक विरळा. शाळेच्या सहलींत ती पाहिलेली असते, उंच भिंतीवरून हौदांत पडणाऱ्या पाण्यापुढें उभें राहून छायाचित्र काढलेलें असतें, आणि 'त्या काळीं सुद्धां कसें यंत्र होतें पाहा' असें म्हणून मंडळी बीबीच्या मकबऱ्याकडे निघून गेलेली असतात. माझी तक्रार या दृष्टीविषयीं आहे. पाणचक्कीला आपण यंत्र म्हणून वाखाणतों आणि वास्तु म्हणून पाहतच नाहीं. मकबरा हा शिल्प आणि पाणचक्की ही कारागिरी, अशी वांटणी आपल्या मनांत आधींच होऊन बसलेली असते. मला तर मकबऱ्यापेक्षां पाणचक्कीची रचना अधिक प्रौढ वाटते. मकबरा सारखा दुसऱ्या एका इमारतीची आठवण करून देतो आणि त्या तुलनेंत हरतो. पाणचक्कीला कोणाची आठवण करून द्यावी लागत नाहीं.

ही जागा मुळांत एका सुफी संताची तकिया. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याजवळच्या घुजदवान गांवचे, नक्शबंदी परंपरेंतले. आपले गुरु बाबा शाह पलंगपोश यांच्या मागोमाग ते दक्षिणेंत आले आणि इ. स. १७१५ च्या सुमारास येथेंच निवर्तले. त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनीं या गुरुशिष्यांच्या आठवणी फारसींत लिहून ठेविल्या. त्यांचें इंग्रजी भाषांतर सायमन डिग्बी या विद्वानानें २००१ सालीं प्रसिद्ध केलें असून तें जरूर वाचावें. औरंगजेबाच्या फौजेबरोबर मध्य आशियांतून दूर दक्षिणेंत येऊन पडलेले शिपाई, दरवेशी, फकीर यांचें जग त्यांत मोठें जिवंत उतरलें आहे. अशा परमुलखांतल्या माणसांना ही तकिया म्हणजे घर होतें. घर म्हटलें कीं चूल आली, आणि चूल म्हटली कीं पीठ आलें. इ. स. १७४४ च्या सुमारास निजामुल्मुल्क असफजाहच्या पदरचा सरदार तुर्कताज खान यानें येथें पाण्यावर चालणारें जातें बसविलें, तें तकियेंत येणारे वाटसरू, विद्यार्थी व गोरगरीब यांच्या भाकरीसाठीं. सेंट बेनेटच्या दरवाज्यांत गिरणी आली ती धर्म निघून गेल्यावर, रिकामी जागा पाहून. येथें ती आली ती धर्म चालूं होता म्हणून. दोन्ही वास्तूंतला सारा फरक या एका गोष्टींत आहे, आणि तो दगडांत दिसतो.

कसा, तें पाहूं. येथेंहि दरवाजा आहे. शाह महमूद यांच्याच नांवाचा महमूद दरवाजा खाम नदीच्या पुलाशीं उभा आहे. पण तो वाटेवरचा दरवाजा आहे, माणसाला पलीकडे नेऊन पोंचविणारा. पलीकडे अंगण, मशीद, बाबांची साधी कबर, आणि मशिदीपुढें लांबच लांब हौद. हा हौद सुमारें १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद आहे. रुंदीच्या पांचपट लांबी म्हणजे खरें तर हौद नव्हे, थांबवून धरलेला एक प्रवाहच; आणि तें योग्यच आहे, कारण या आवाराचा खरा सूत्रधार पाणी आहे. शहराबाहेरच्या टेंकड्यांकडून, कित्येक किलोमीटरांवरून, जमिनीखालच्या खापरी नळांतून तें येतें. इतकी वाट चालून आलेल्या पाण्याला येथें एका उंच भिंतींतून वर चढविलें आहे. उगम उंचावर असल्यामुळें कोंडलेलें पाणी आपल्याच जोरानें चढतें आणि वरून खालीं झेंप घेतें. ही विद्या त्या शहरांत नवी नव्हती. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकी वसविली आणि नहर आणून तिला पाणी पाजलें, तेव्हांपासून ती तेथें मुरलेली होती.

पाणी पडूं लागलें म्हणजे त्याचें एकच काम राहत नाहीं. हौदांत तें कारंजी उडवितें, नमाजापूर्वींचे हातपाय धुण्यास उपयोगी पडतें, आवाराची हवा निववितें. त्याच्याच बळावर खालीं आडवें बसविलेलें चाक गरगर फिरतें, आणि त्या चाकाच्या कण्यावर जात्याची वरची तळी फिरते. उरलेलें पाणी खाम नदीस जाऊन मिळतें. वुजू आणि दळण यांस निरनिराळें पाणी नाहीं. पवित्र पाणी व कामाचें पाणी असा भेद न करणाऱ्या या रचनेला मी उत्तम वास्तुरचना म्हणतों, कारण तिच्यांत विचार आणि आकार यांच्यामध्यें फट नाहीं.

परंतु या वास्तूचा कळस तिच्या तळाशीं आहे. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या एका विस्तीर्ण दालनाचें छत. जाडजूड खांबांनीं हा सारा पाण्याचा भार डोक्यावर तोलून धरला आहे. आम्ही गेलों तें वैशाखांत. वर अंगणांतल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. खालीं उतरतांच अंगावर ओलसर गारवा आला, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत कोणी बोललें नाहीं. डोक्यावर पाणी आहे हें दिसत नाहीं, तें अंगाला कळतें. खांबांना नक्षी नाहीं, आणि ती नसावी हेंच बरें. येथें नक्षी केली असती तर ती भाराची चेष्टा झाली असती. वाटसरूनें येथें दुपार काढावी, वर पाणी झुळझुळत असावें, पलीकडे जात्याची घरघर चालावी, आणि संध्याकाळीं त्याच पिठाची भाकर त्याला मिळावी, असा हा एकंदर घाट आहे. गोथिक कमान माणसाची मान वर करविते. हें दालन त्याला खालीं बसवितें. कोणतें शिल्प थोर, याचा निवाडा मी करीत नाहीं. थकलेला माणूस कोठें जाईल, एवढें मला सांगतां येईल.

दोष नाहींत असें नाहीं. हौद, मशीद आणि चक्की यांची मांडणी एकाच दमांत झालेली नसावी, हें अंगणांत उभें राहिल्यावर जाणवतें. नजरेला एक निश्चित मध्य सांपडत नाहीं. चक्कीची खोली तर इतकी कोपऱ्यांत आहे, कीं जिच्या नांवानें ही जागा ओळखली जाते ती शोधावी लागते. तरी तेंहि एका परीनें शोभतें. स्वयंपाकघर कोणी दिवाणखान्यांत मांडीत नाहीं.

आतां जें सांगण्यासाठीं ही लेखणी उचलली तें सांगतों. पाणचक्कीची वास्तु केवढी? आवाराच्या भिंतीएवढी, असें उत्तर मिळेल. तिकीट तेवढ्याचेंच असतें. मला तें मान्य नाहीं. पाणचक्कीची वास्तु तिच्या उगमापासून सुरू होते. कित्येक किलोमीटरांची, जमिनीखालून आलेली, कोणाला न दिसणारी ती नहर हीच मुख्य इमारत. हौद, भिंत आणि जातें हा तिचा शेवटचा, उजेडांत आलेला मजला. त्या नहरीच्या वाटेवर शहर वाढलें आहे आणि वाढत आहे. जमिनीखालचा खापरी नळ पाया खणणाऱ्याच्या कुदळीला काय सांगणार? वर दिसणाऱ्या इमारतीचा एक दगड निखळला तर बोभाटा होतो, तसा व्हावाहि. पण नळाचा एक तुकडा फुटला तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, फक्त हौदांतली धार बारीक होते. जुन्या वास्तूंचें रक्षण करणें म्हणजे भिंतींना चुना आणि अंगणाला कुंपण, एवढीच आपली कल्पना असेल, तर आपण पाणचक्कीचा दिवाणखाना राखूं आणि पाणचक्की घालवूं. पंपानें पाणी चढवून ती धार चालू ठेवितां येईल, हें मला ठाऊक आहे. पाहणाऱ्याला फरकहि कळणार नाहीं. पण मग ती सेंट बेनेट होईल: दुरून चित्रासारखी दिसणारी, आणि आंत जावें तर ज्यासाठीं ती बांधली तें कोठेंच नसलेली. सेंट बेनेटचें निदान एवढें तरी आहे, कीं दर वर्षीं ऑगस्टच्या पहिल्या रविवारीं नॉरिचचा बिशप शिडाच्या नावेंतून तेथें येतो आणि पडक्या मठाच्या जागीं प्रार्थना करतो. साधु गेले, दगड गेले, पातीं उडालीं. तरी ज्या गोष्टीसाठीं ती जागा होती, ती वर्षांतून एक दिवस तेथें होते.

पाणचक्कीस आम्ही गेलों तेव्हां बरोबर माझ्या वृद्ध मातोश्री होत्या. त्यांचें बालपण बार्शीकडच्या एका खेड्यांत पहांटेच्या जात्यावर गेलेलें. मी खांब मोजीत आणि फुटांचा हिशेब मांडीत राहिलों तोंवर त्या चक्कीच्या खोलींत जाऊन उभ्या होत्या. पाणी बेतानें होतें, तरी चाक फिरत होतें. त्या कांहीं वेळ नुसत्या तळीकडे पाहत राहिल्या, मग तेथल्या माणसाला म्हणाल्या, "दादा, दळण कुठं आहे ह्यांत?"

"आतां दळण नसतं, मावशी. पाहुण्यांना दाखवायला फिरतं."

"रिकामं जातं फिरवूं नये, बाबा. दगड दगडाला खातो."

तो मनुष्य भला होता. हसून त्यानें मान हालविली. आम्ही पुन्हां हौदावर आलों तरी त्या तेंच पुटपुटत होत्या.